जबड्याच्या सांध्यातली वंशावळ

जुन्या पुस्तकांच्या कपाटात कसर नाही, असं घर विरळाच. पुठ्ठ्याची खळ आणि कागदाचा पृष्ठभाग खरवडून जगणारा हा चपटा, चंदेरी, बिनपंखांचा किडा उजेड पडताच पानांच्या आड पसार होतो. अंगावर बारीक खवले, मागे निमुळतं होत गेलेलं शरीर आणि शेवटी तीन लांब शेपट्या. युरोपातल्या खडकाळ समुद्रकिनाऱ्यांवर आणि ओलसर जंगलांतल्या दगडांवर जवळजवळ असाच दिसणारा आणखी एक कीटक राहतो. त्याला ब्रिसलटेल म्हणतात. त्यालाही तीन शेपट्या, तसेच खवले, आणि पंखांचा पत्ता नाही. त्याची पाठ किंचित कुबडी असते, डोळे मोठे असतात आणि दचकला की तो उडी मारतो, इतकाच काय तो वरवरचा फरक. कीटकशास्त्रज्ञांनी या दोघांना बराच काळ थायसॅन्युरा या एकाच गणात नांदवलं, त्यात नवल नाही.

तरीही कसर ही ब्रिसलटेलपेक्षा चतुर, टोळ आणि फुलपाखरू यांची अधिक जवळची नातलग आहे.

याचा पुरावा जबड्याच्या मुळाशी आहे. ब्रिसलटेलचा जबडा डोक्याच्या कवचाला एकाच ठिकाणी सांधलेला असतो. त्यामुळे तो अनेक दिशांना वळतो आणि खडकावरची शैवालं खरवडायला उपयोगी पडतो. कसरीच्या जबड्याला मात्र पुढच्या बाजूला दुसरा सांधा आहे. टोळाच्या सांध्याइतका तो घट्ट नाही, पण आहे. दोन बिजागऱ्यांवर बसलेलं दार जसं एकाच रेषेभोवती उघडतं आणि मिटतं, तशी या जबड्याची चाल ठरून गेलेली असते. चालीतली मोकळीक गेली, पण स्नायूंचा सगळा जोर चावण्याच्या एका दिशेला लागू लागला. चावून खाणाऱ्या पंखवाल्या कीटकांत हीच दोन सांध्यांची रचना दिसते. म्हणून कसर आणि सगळे पंखवाले कीटक मिळून एक कूळ मानलं जातं, डायकॉन्डायलिया. ब्रिसलटेल त्या कुळाबाहेर राहतो.

तीन शेपट्या ही दोघांना पूर्वजांकडून मिळालेली जुनी ठेव होती. जुनी ठेव कुणाकडेही शिल्लक राहू शकते, तिच्यावरून जवळचं नातं ठरत नाही. दुसरा सांधा ही नवी घडण होती आणि ती एका पूर्वजाच्या वंशजांकडेच आली. हा भेद ज्याने वर्गीकरणशास्त्राच्या मध्यभागी आणून बसवला, तो विली हेनिग हा जर्मन कीटकशास्त्रज्ञ माश्यांचा अभ्यासक होता. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस इटलीत ब्रिटिशांच्या कैदेत असताना त्याने आपल्या सिद्धांताचा पहिला खर्डा लिहून काढला. १९५० मध्ये त्याचं पुस्तक जर्मनमध्ये आलं आणि १९६६ मध्ये इंग्रजीत आल्यावर जगभर पोचलं. त्याचं म्हणणं असं, की साम्य मोजत बसू नका. कोणतं साम्य नव्याने घडलेलं आणि वाटून घेतलेलं आहे, ते शोधा. असं साम्य शोधायला कीटकाचं डोकं ही फार समृद्ध जागा आहे. डोळे, मिशा, मेंदू, जबडे, लाळग्रंथी आणि डझनावारी स्नायू तिथे काही मिलिमीटरच्या कवचात एकत्र नांदतात.

हे कवच एकसंध दिसतं, पण ते अनेक खंड जुळून झालेलं आहे. सर्वसाधारणपणे मान्य असलेल्या मांडणीत कीटकाच्या डोक्यात सहा खंड धरतात. पहिला डोळ्यांचा, दुसरा मिशांचा, तिसरा वरून रिकामा वाटणारा आणि उरलेले तीन मुखांगांचे. म्हणजे तोंडाभोवतीचे हे अवयव मुळात पायांच्याच जातीचे. पूर्वजांच्या शरीराच्या प्रत्येक खंडावर अवयवांची एकेक जोडी होती. पुढच्या काही जोड्या तोंडाच्या कामाला लागल्या आणि त्यांचे खंड एकमेकांत मिसळून गेले.

महाराष्ट्रातल्या प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्यांच्या अनेक पिढ्यांनी हे झुरळाच्या डोक्यात स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं आहे. झुरळाचं डोकं कॉस्टिक पोटॅशच्या द्रावणात उकळलं, की आतले मऊ भाग विरघळतात आणि कायटिनचा सांगाडा उरतो. तो पाण्यात स्वच्छ करून भिंगाखाली सुयांनी एकेक अवयव सुटा करायचा. आधी वरच्या ओठाची पातळ झडप येते. तिच्याखाली मँडिबल, म्हणजे मुख्य जबड्यांची जोडी. ते गडद तपकिरी आणि टणक असतात, आतल्या कडेला दात असतात. डाव्या आणि उजव्या जबड्याचे दात हुबेहूब सारखे नसतात, ते एकमेकांच्या खाचांत बसतात. मग मॅक्झिला, म्हणजे मदतनीस जबडे. यांच्यात पायाची आठवण अजून स्पष्ट आहे, कारण प्रत्येकाला पाच पेरांची एक चाचपणारी मिशी असते. शेवटी खालचा ओठ, लेबियम. तो एकच अवयव वाटतो, पण मधली चीर सांगते की ही मॅक्झिलांचीच दुसरी जोडी मध्यरेषेवर सांधली गेली आहे. या सगळ्यांच्या मधोमध जिभेसारखा हायपोफॅरिंक्स असतो आणि त्याच्या बुडाशी लाळेची नळी उघडते.

काचपट्टीवर हे अवयव ओळीने मांडले, की पुढचा प्रश्न साहजिकच येतो. डासाला, ढेकणाला, फुलपाखराला यांतलं काय आहे?

याचं उत्तर झ्यूल-सेझार साविन्यी या फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञाने १८१६ मध्ये दिलं. नेपोलियनच्या इजिप्त मोहिमेबरोबर गेलेल्या अभ्यासकांपैकी तो एक. परतल्यावर त्याने कितीतरी कीटकांची तोंडं बारकाईने सोडवून पाहिली आणि दाखवून दिलं, की चावणारं असो वा शोषणारं, प्रत्येक तोंड त्याच मोजक्या अवयवांचं बनलेलं आहे. डार्विनचा ग्रंथ यायला अजून त्रेचाळीस वर्षं होती. साविन्यीकडे उत्क्रांतीची भाषा नव्हती, पण नात्याचा कच्चा माल त्याने जगासमोर ठेवला होता. पुढे डोळ्यांच्या विकाराने त्याला काम सोडावं लागलं.

त्याच्या आधी डेन्मार्कच्या योहान ख्रिस्तियन फाब्रिसियसने १७७५ मध्ये मुखांगांवर आधारलेलं कीटकांचं वर्गीकरण मांडलं होतं. त्याचे गुरू कार्ल लिनियस यांनी पंखांवरून गण पाडले होते, शिष्याने तोंड निवडलं. निवड दूरदृष्टीची होती. पण नुसतं तोंड पाहून भागत नाही. ते कशाचं बनलं आहे, हे पाहावं लागतं. शोषणाऱ्या तोंडांकडे पाहिलं की हे ध्यानात येतं.

मादी डासाची सोंड वरून एक केस दिसते, पण त्यात सहा सुया दडलेल्या असतात. वरचा ओठ ताणला जाऊन रक्त ओढण्याची नळी झाला आहे. मँडिबलच्या दोन आणि मॅक्झिलांच्या दोन सुया कातडी भेदतात, हायपोफॅरिंक्समधून लाळ आत सोडली जाते. खालच्या ओठाची म्यान झाली आहे. चावताना ती कातडीत शिरत नाही, बाहेरच दुमडून राहते. ढेकूण रक्तच पितो, पण त्याच्या सुया चारच. त्यांतल्या मॅक्झिलांच्या दोन सुया एकमेकींत अडकून दोन नळ्या तयार करतात, एक रक्त वर आणणारी आणि दुसरी लाळ खाली नेणारी. म्हणजे डासात जे काम वरचा ओठ करतो, ते ढेकणात मॅक्झिला करतात. फुलपाखराच्या सोंडेत मँडिबलचा मागमूस नाही. मॅक्झिलांचे दोन भाग लांबून, आतल्या बाजूने पन्हळीसारखे पोकळ होऊन एकमेकांना चिकटले आणि मधली पोकळी मधुरसाची वाट झाली.

तिन्ही तोंडं शोषतात, पण तिन्हींची घडण निरनिराळी. म्हणजे शोषण्याची कला कीटकांत अनेकदा, स्वतंत्रपणे उगवली. ढेकणाची चार सुयांची रचना मात्र मावा, तुडतुडे आणि पाणढेकूण यांच्यातही जशीच्या तशी आढळते. ढेकूण रक्त पितो, मावा झाडाचा रस पितो, पाणढेकूण जिवंत भक्ष्यात सुया खुपसतो. आहार इतका वेगळा असूनही घडण एकच, त्यामुळे इथे नात्याची साक्ष पक्की आहे.

फुलपाखरांच्या बाबतीत तर एक जिवंत दुवा अजून आपल्यात आहे. मायक्रोप्टेरिगिडी या कुळातले इवले पतंग सोंडेऐवजी चालते जबडे बाळगतात आणि परागकण चावून खातात. त्यांच्यावरून असं दिसतं, की या वंशाचे पूर्वज चावणारे होते आणि सोंड मागाहून आली. ती केव्हा आली? २०१८ मध्ये जर्मनीतल्या सुमारे २० कोटी वर्षांपूर्वीच्या गाळातून पतंगांच्या पंखांवरचे सूक्ष्म खवले मिळाल्याचं जाहीर झालं. त्यांतले काही आतून पोकळ होते. असे पोकळ खवले आज सोंड असणाऱ्या शाखेतच आढळतात. फुलांचे खात्रीचे जीवाश्म याच्या कितीतरी नंतरचे. म्हणजे मधुरसासाठी सोंड घडली असं म्हणता येत नाही. त्या काळच्या सूचिपर्णी वृक्षांच्या आणि त्यांच्या भाऊबंदांच्या बीजांडांवर साचणारा गोडसर थेंब हे तिचं पहिलं खाद्य असावं, असा अभ्यासकांचा अंदाज आहे.

मुखांगं सुटी करून झाली, की झुरळाच्या डोक्याचं उरलेलं कवच बहुधा टाकून दिलं जातं. खरं तर त्याच्या आत आणखी एक ठेवा असतो. कवचाच्या भिंती ठरावीक जागी आत वळतात आणि त्यांच्या भुजा मध्यभागी जुळून एक अंतर्गत सांगाडा तयार होतो. त्याला टेंटोरियम म्हणतात. जबड्यांच्या ओढीने कवच चेपू नये म्हणून तो आधार देतो, आणि मिशा, मॅक्झिला व खालचा ओठ यांचे कितीतरी स्नायू त्याला चिकटलेले असतात. झुरळाच्या टेंटोरियमच्या मधल्या पत्र्याला एक भोक असतं. तेच भोक प्रार्थना कीटकाच्या डोक्यात सापडतं आणि वाळवीच्याही.

झुरळ मिळेल ते खातं, प्रार्थना कीटक जिवंत शिकार करतो, वाळवी लाकूड कुरतडते. बाहेरून पाहिलं तर वाळवी मुंगीसारखी वाटते. म्हणूनच तिला पांढरी मुंगी म्हणायची प्रथा पडली. पण मुंगीचं नातं गांधीलमाशीशी आणि मधमाशीशी आहे. डोक्यातल्या त्या भोकाने वाळवीला झुरळांच्या पंगतीत बसवलं. इतर पुरावे आधीपासून जमा होत होते. १९३४ मध्ये अमेरिकेतल्या एल. आर. क्लीव्हलँड यांनी क्रिप्टोसर्कस या लाकूड खाणाऱ्या झुरळाच्या आतड्यातले सूक्ष्मजीव वाळवीच्या आतड्यातल्या सूक्ष्मजीवांशी जुळतात हे तपशीलवार दाखवलं होतं. २००७ मध्ये लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममधल्या अभ्यासकांनी डीएनएच्या आधारे सांगून टाकलं, की वाळवी हा वेगळा गणच नाही. ती झुरळांच्या गणातली, समाज करून राहणारी एक शाखा आहे. आज तिची गणना तिथेच होते.

उवांची कथाही अशीच आहे. माणसाच्या डोक्यातली ऊ, पक्ष्यांच्या पिसांतल्या उवा आणि दमट भिंतींवर, जुन्या कागदांत फिरणारे फिकट, इवले पुस्तक-किडे यांना पूर्वी वेगवेगळ्या गणांत ठेवत. पण पुस्तक-किड्यांच्या हायपोफॅरिंक्सवर एक विलक्षण यंत्रणा असते, जी हवेतली वाफ शोषून पाणी मिळवते. पाणी नसलेल्या कपाटात राहणाऱ्याला तिचं मोल काय असेल, ते वेगळं सांगायला नको. पिसांत राहून चावून खाणाऱ्या उवांच्या तोंडातही तीच यंत्रणा सापडते. रक्त पिणाऱ्या उवांना मुबलक द्रव मिळतो, त्यांच्यात ती राहिलेली नाही. एवढ्या गुंतागुंतीचं यंत्र दोनदा स्वतंत्रपणे जुळून येणं अवघड. जनुकांनीही हेच सांगितलं, की उवा म्हणजे पुस्तक-किड्यांच्या वंशातूनच निघालेले परजीवी. आता दोघांचा गण एकच आहे.

पण डोक्याची प्रत्येक साक्ष खरी ठरली आहे, असं नाही. तिने एकदा शास्त्रज्ञांना मोठ्या आडवाटेलाही नेलं.

गोम आणि कीटक यांची डोकी शेजारी ठेवली, तर साम्य डोळ्यांत भरतं. मिशांची एकच जोडी, मग मँडिबल, मग मॅक्झिलांच्या दोन जोड्या. झिंगा, खेकडा या कवचधाऱ्यांना मात्र मिशांच्या दोन जोड्या असतात. साहजिकच विसाव्या शतकात बहुतेक काळ कीटक आणि गोमी यांना सख्खे भाऊ मानलं गेलं आणि खेकडे-झिंगे दूरचे ठरले. शतकाच्या अखेरीस जनुकांचे पुरावे यायला लागले आणि हे चित्र उलटलं. कीटकांचं मूळ कवचधाऱ्यांच्याच वंशात आहे, गोमींची शाखा त्याआधीच वेगळी झाली होती. मिशांची दुसरी जोडी कीटकांनी आणि गोमींनी स्वतंत्रपणे गमावली होती. चूक झाली ती इथे. जे आहे त्याच्यापेक्षा जे नाही त्याच्यावर भिस्त ठेवली गेली. एखादा अवयव नाहीसा होणं सोपं असतं आणि ते कितीदाही होऊ शकतं.

गंमत अशी, की त्या हरवलेल्या जोडीची जागा कीटकाच्या डोक्यात अजून शाबूत आहे. सहा खंडांतला तिसरा, रिकामा वाटणारा खंड तोच. कीटकाच्या गर्भात खंडांच्या सीमा आखणारं एन्ग्रेल्ड हे जनुक जिथे जिथे काम करतं, तिथे पट्टे उमटतात. या खंडाचा पट्टाही उमटतो, फक्त त्यावर अवयव उगवत नाही. मेंदूचा तिसरा भागही याच खंडाचा. झिंग्यात तो मिशांच्या दुसऱ्या जोडीला चेता पुरवतो. डोक्याने खोटं सांगितलं नव्हतं, त्याला नीट विचारलं गेलं नव्हतं.

नीट विचारण्याची साधनं आता फार सुधारली आहेत. रॉबर्ट स्नॉडग्रास या अमेरिकन शरीररचनाकाराने १९३५ मध्ये कीटकांच्या रचनेवर जो ग्रंथ लिहिला, तो आजही उघडला जातो. त्यातली देखणी रेखाटनं सुई, भिंग आणि हाताच्या कसबावर उभी होती. आज क्ष-किरणांच्या सूक्ष्म टोमोग्राफीने डोकं न कापता त्याच्या आतला एकेक स्नायू त्रिमितीत पाहता येतो. संग्रहालयातला दुर्मीळ नमुनाही शाबूत राहतो. जर्मनीतल्या येना विद्यापीठात रॉल्फ बॉयटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या पद्धतीने एकामागून एक गणांची डोकी तपासली. वेगवेगळे अभ्यासक एकाच स्नायूला निरनिराळे क्रमांक देत, त्यामुळे तुलना अडे. २०११ मध्ये त्यांच्या गटाने डोक्याच्या स्नायूंसाठी एकसारखी नामावली मांडली. काम रूक्ष वाटतं, पण टोळाचा आणि मधमाशीचा स्नायू एकच आहे की नाही, हे ठरवल्याशिवाय नात्याची चर्चा पुढे सरकत नाही.

या नव्या साधनांनी एक जुना वाद पुन्हा जागा केला. चतुर आणि टाचण्या यांना पंख पोटावर दुमडून घेता येत नाहीत, पाण्यात वाढणाऱ्या मेफ्लाय या कीटकालाही नाहीत. मग चतुर आणि मेफ्लाय एकमेकांचे सख्खे की नाही? बरीच वर्षं जबड्याच्या पुढच्या सांध्याकडे बोट दाखवून सांगितलं जाई, की चतुराचा सांधा इतर पंखवाल्यांसारखा घट्ट आहे, मेफ्लायचा सैल. म्हणजे मेफ्लाय आधी वेगळी झाली. २०१२ मध्ये अलेक्झांडर ब्लँके आणि सहकाऱ्यांनी डोक्याची बरीच अधिक लक्षणं एकत्र ताडून पाहिली. प्रौढ मेफ्लाय काही खात नाही आणि तिची मुखांगं खुंटलेली असतात, त्यामुळे पाण्यातल्या पिल्लांची डोकी महत्त्वाची ठरतात. त्यांचा निष्कर्ष उलटा निघाला, दोघे सख्खेच. २०१४ मध्ये शंभराहून अधिक शास्त्रज्ञांनी मिळून १,४७८ जनुकांची तुलना असलेला कीटकांचा वंशवृक्ष प्रसिद्ध केला. कीटकांचा उगम सुमारे ४७.९ कोटी वर्षांपूर्वी आणि उड्डाणाचा आरंभ सुमारे ४०.६ कोटी वर्षांपूर्वी झाला असा त्याचा हिशेब आहे. पण चतुर-मेफ्लायच्या नात्यावर इतक्या जनुकांनाही निर्विवाद निकाल देता आला नाही.

उड्डाणाच्या त्या तारखेशी जबड्यांची एक जोडी गुंतलेली आहे. स्कॉटलंडमधल्या राइनी गावाजवळच्या चर्ट खडकात सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वीचे जीव काचेत बंद व्हावेत तसे जपले गेले आहेत. स्टॅन्ली हर्स्ट आणि ब्रिटिश म्युझियममध्ये काम करणारे भारतीय कीटकशास्त्रज्ञ समरेंद्र मौलिक यांनी १९२६ मध्ये त्यांतल्या संधिपाद प्राण्यांवर निबंध लिहिला. दोन वर्षांनी रॉबिन टिलयार्ड यांनी त्या सामग्रीतल्या एका जबड्यांच्या जोडीला रायनिओग्नाथा असं नाव दिलं. पुढे ते जबडे असलेली काचपट्टी जवळजवळ पाऊण शतक दुर्लक्षित राहिली. २००४ मध्ये मायकेल एंजेल आणि डेव्हिड ग्रिमाल्डी यांनी ती पुन्हा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. त्यांना जबड्यांच्या मुळाशी दोन सांध्यांच्या खुणा दिसल्या, आणि जबड्याचा रुंद, त्रिकोणी घाट पंखवाल्या कीटकांसारखा वाटला. तसं असेल तर उड्डाणाचा काळ पंखांच्या ज्ञात जीवाश्मांपेक्षा सात-आठ कोटी वर्षांनी मागे जात होता. २०१७ मध्ये कॅरोलिन आणि योआखिम हाउग यांनी त्याच काचपट्टीवरचं डोकं नव्याने चित्रित केलं. त्यांच्या मते हा प्राणी कीटक नसून गोमीच्या वंशातला असण्याची शक्यता जास्त आहे.

राइनीच्या चर्टचे पातळ काप आजही घासले जात आहेत. त्याच प्राण्याचं अधिक पूर्ण डोकं हाती आलं, तर काय पाहायचं हे ठरलेलं आहे. जबड्याचे दोन्ही सांधे खरोखर आहेत का, हे पहिलं. टेंटोरियमच्या पुढच्या आणि मागच्या भुजा मध्यभागी जुळल्या आहेत का, हे दुसरं. आणि मिशी टिकली असेल, तर तिच्या आतले स्नायू. गोमीच्या मिशीत पेरापेरात स्नायू असतात, कसरीपासून फुलपाखरापर्यंत सगळ्या कीटकांच्या मिशीत मात्र ते फक्त पहिल्या पेरात असतात.